तीस हजारांचे हेडफोन, तीन लाखांचे स्पीकर: एका फॉरवर्डची झडती

गायक, ऑर्केस्ट्रावाले, साउंडवाले आणि घरच्या घरी रेकॉर्डिंग करणारी पोरं यांच्या नागपुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मथळा आहे, ‘स्टुडिओ मॉनिटरवर पैसे उडवू नका!’ (मॉनिटर म्हणजे गाणं मिक्स करताना, म्हणजे गायक-वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना, समोर ठेवून ऐकायचे स्पीकर.) खाली मुद्द्यांची माळ. तीस हजारांचे हेडफोन तीन लाखांच्या स्पीकरांच्या तोडीचे असतात. हेडफोन घातला की खोलीच्या भिंतींचा घुमारा आड येत नाही, बाहेरचा आवाजही येत नाही, म्हणून खरा आवाज तोच. हेडफोन १२ हर्ट्‌झपर्यंत उतरतात, पाच इंची मॉनिटर ५४ वरच दम टाकतो. (हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा लहान तितका आवाज खालचा.) हेडफोनवर एकही चूक लपत नाही. परदेशातले नामांकित इंजिनिअर आता हेडफोनवरच मिक्स करतात. ऐकणारेही सगळे इअरफोनवरच ऐकतात. आणि विश्वास नसेल तर दुकानात जाऊन दोन्ही ऐकून बघा.

मला हा मेसेज इतक्या जणांनी ‘सर, हे खरं आहे का?’ म्हणून पाठवलाय की उत्तर एकदाच लिहून टाकावं म्हटलं. लिहिणारा अगदीच बेखबर नाही. त्याच्या दोन-तीन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मी त्या त्या जागी मान्य करतो. पण त्या खऱ्या गोष्टींवरून त्याने जो हिशेब काढलाय तो साफ गंडलेला आहे.

सुरुवात पैशांपासून. हेडफोनच्या किमतीत आपण दोन लहान पडदे, ते धरणारा सांगाडा आणि कानावरच्या गाद्या घेतो. पडद्याला हलवायची असते ती मूठभर हवा. मॉनिटरला खोलीभर हवा हलवायची असते, त्यासाठी मोठा कोन (स्पीकरचा हलणारा शंकू), पेटी, अ‍ॅम्प्लिफायर हे सगळं आलं. त्यामुळे त्याच पैशात हेडफोनचं डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) कमी ठेवणं सोपं जातं. गायकाने ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वास, एडिट केलेल्या जागेवरचा बारीक ‘टिक्’, मागे राहिलेली पंख्याची घरघर, हे सगळं हेडफोनवर आधी सापडतं. मान्य.

पण तीन लाखांच्या स्पीकरशी बरोबरी? हेडफोनचा आवाज कसा असावा हे ठरवायलाच मुळात स्पीकर लागला. हरमन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी लोकांना कोणता हेडफोन पसंत पडतो यावर प्रयोग केले, आणि २०१३ पासून त्यावरचे निबंध येत गेले. त्यातून दिसलं ते असं, की चांगल्या खोलीत ठेवलेला चांगला स्पीकर माणसाच्या कानाशी जसा पोचतो, तसा वाजणारा हेडफोन बहुतेकांना आवडतो. हेडफोनच्या रिव्ह्यूंमध्ये ज्या ‘हरमन कर्व्ह’चा जप चालतो, तो इथून आला. म्हणजे ज्या स्पीकरला मेसेज मोडीत काढतोय, त्याचीच नक्कल किती जमली यावर हेडफोनला मार्क मिळतात.

आता खोली. मेसेजातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे, तेव्हा इथे जरा थांबू.

खोली आवाज बिघडवते, हे शंभर टक्के खरं. आपल्याकडचा घरचा स्टुडिओ म्हणजे बहुधा दहा बाय बाराची खोली, दहा फुटांवर स्लॅब, खाली टाइल्स, एका भिंतीला लोखंडी कपाट. अशा खोलीचं गणित कागदावर करता येतं. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४६ मीटर धरा आणि त्याला समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा, की खोली कोणत्या सुराला घुमते ते कळतं. बारा फुटांसाठी उत्तर येतं सुमारे ४७ हर्ट्‌झ, दहा फुटांसाठी ५७ च्या आसपास. स्लॅबही दहा फुटांवर, म्हणजे वरून-खालूनही तेच ५७. एकाच जागी दोन दिशांचा घुमारा. बास गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्‌झची. त्या खोलीत ती तार छेडली की कपाटाची दारंसुद्धा थरथरतात, आणि थोडे दूरचे सूर वाजवले तर तेवढं काही होत नाही. पोरगं बिचारं बासवाल्याला दोष देतं. (वेग तापमानावर अवलंबून असल्यामुळे जानेवारीतल्या सकाळी आणि मेमधल्या दुपारी हा घुमारा दोन-तीन हर्ट्‌झने सरकतो. नागपूरच्या उन्हाळ्याचे परिणाम कुठवर जातात बघा.)

खुर्ची बरोबर खोलीच्या मध्यावर टाकली तर हे लांबी-रुंदीचे सूर जवळजवळ नाहीसे होतात, मागच्या भिंतीला टेकून बसलं तर फुगून येतात. स्पीकर पुढच्या भिंतीपासून दीड फुटावर असेल, तर भिंतीवरून परतणारा आवाज १९० हर्ट्‌झच्या जवळपास मूळ आवाजाला खाऊन टाकतो, आणि पुरुषी गळ्याचं बरंचसं वजन त्याच भागात असतं. अशा खोलीत तीन लाखांचे मॉनिटर आणून ठेवले तरी त्यांचा तीन लाखांचा आवाज कोणाला ऐकू येणार नाही. इथवर मेसेज बरोबर आहे.

गडबड आहे ती पुढच्या उडीत. खोली नाही, म्हणून खरा आवाज? आपण ज्या पद्धतीने स्टिरिओ मिक्स करतो ती पद्धत मुळात समोर ठेवलेल्या दोन स्पीकरांच्या हिशेबाने उभी राहिली. ॲलन ब्लमलाइनने इंग्लंडमध्ये स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला तो १९३१ साली. (दोन्ही कानांना वेगळा आवाज लावून ऐकायची हौस त्याहून जुनी. १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेरने ऑपेरा दोन टेलिफोन रिसीव्हरांतून लोकांना ऐकवला होता.) डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानात जातो, तसाच तो डोक्याला वळसा घालून पाव मिलिसेकंदाच्या आसपास उशिराने उजव्या कानातही पोचतो, आणि वाटेत त्याची वरची चमक डोकं अडवून धरतं. उजव्याचं तसंच. या देवाणघेवाणीतून गायक समोर, दोन स्पीकरांच्या मधोमध उभा राहतो. हेडफोनमध्ये ही देवाणघेवाण होतच नाही. डावं ते डाव्या कानातच राहतं, उजवं ते उजव्या, आणि गायक समोर उभा राहायच्या ऐवजी आपल्याच टाळूखाली येऊन बसतो.

ही उणीव मी आज शोधलेली नाही. १९६१ साली बेंजामिन बाउअरने डावीकडचा थोडा आवाज उशीर करून, वरची चमक कापून उजवीकडे मिसळायचं सर्किट मांडलं होतं. आज क्रॉसफीड नावाने जे प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) मिळतात त्यांचं मूळ तेच. हेडफोनचाच आवाज खरा असता, तर त्याला स्पीकरसारखं करायची ही खटपट साठ-पासष्ट वर्षं कोणी कशाला केली असती?

शिवाय हेडफोनमध्ये खोली नसते असंही नाही. गादी, गाल आणि कान यांच्या मधली इवलीशी पोकळी, हीच त्याची खोली, आणि ती प्रत्येक डोक्यागणिक बदलते. बंद पाठीचा हेडफोन चष्म्यावरून घाला आणि मग चष्मा काढून घाला. काडीमुळे गादीला जी फट पडते तेवढ्यात खालचा बास गळून जातो. वरच्या पट्टीत तर कानाच्या पाळीचा आकारच आवाज घडवतो, त्यामुळे तोच हेडफोन तुम्हाला झगझगीत वाटेल आणि तुमच्या तबलजीला मऊ. मॉनिटरसमोर दोघे बसलात तर दोघांचे कान आपापल्या सवयीच्या पद्धतीने समोरचा आवाज ऐकतात. हेडफोन मध्येच कानाशी येऊन बसतो आणि ती सवय मोडतो.

‘बाहेरचा आवाज येत नाही’ हे वाक्य लिहिणारा नागपूरचा नसावा. मिक्सिंगसाठी ज्या हेडफोनांची नावं घेतली जातात ते बरेचसे उघड्या पाठीचे असतात. १९९७ साली आलेला सेनहायजरचा एचडी ६०० हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. पाठ उघडी म्हणजे जाळीतून आवाज बाहेर जातो तसा आतही येतो. एप्रिल ते जून कुलर चालू असलेल्या खोलीत हा घालून बसा, कुलरची घरघर आणि पाण्याची टपटप गाण्याच्या रिव्हर्बमध्ये (गाण्याला दिलेल्या घुमाऱ्यात) मिसळून ऐकू येईल. कुलर बंद करावा तर घामाने गाद्या भिजतात. बंद पाठीचे घेतले तर कुलर कमी ऐकू येतो खरा, पण दोन तासांत कान उकडून निघतात. मॉनिटरवाल्यालाही कुलर बंद करावाच लागतो, त्याची सुटका आहे असं मी म्हणत नाही.

खोलीचं करायचं काय, तर भिंतीला अंड्यांचे ट्रे आणि इंचभर फोम चिकटवून काही होत नाही. त्याने फक्त टाळीची किणकिण मरते, ५७ हर्ट्‌झला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याला जाडी लागते. चार ते सहा इंच रॉकवूल (दगडी लोकर) लाकडी चौकटीत भरून, कापड ताणून, भिंतीपासून थोडं सोडून उभं केलं की फरक पडायला लागतो. कोपऱ्यात आणखी जाड. रॉकवूल परवडत नसेल तर आपण कापसाच्या मुलखात राहतो. घरातल्या जुन्या कापसाच्या गाद्या कोपऱ्यात दुहेरी उभ्या केल्या तरी इंचभर फोमपेक्षा कितीतरी बरं काम देतात. दिसायला गोदाम दिसतं, ते चालवून घ्यायचं. आणि खोली अजिबातच सुधारता येत नसेल, भाड्याची असेल, शेजारी दहा वाजता दार ठोठावत असतील, तर हेडफोनच घ्या, मीही तेच सांगेन. तो तुमच्या परिस्थितीचा निर्णय झाला. त्यावरून मॉनिटर निरुपयोगी ठरत नाही.

आकड्यांचा मुद्दा झटपट उरकतो. हेडफोनच्या खोक्यावरचा १२ हर्ट्‌झ आणि मॉनिटरच्या कागदावरचा ५४ एकमेकांशेजारी ठेवायच्या लायकीचे नाहीत. यामाहाच्या एचएस५ या पाच इंची मॉनिटरचा ५४ हा आकडा आवाज १० डेसिबलने खाली गेलेला असतानाचा आहे. ३ डेसिबलच्या हिशेबाने तो ७४ वरच थांबतो, आणि कंपनी हे दोन्ही आकडे देते. एचडी ६०० वर लिहिलेला १२ हर्ट्‌झ तो हेडफोन पूर्ण ताकदीने वाजवतो असं मुळीच नाही, उघड्या पाठीमुळे त्याचा अगदी खालचा बास हळूहळू उतरत जातो. माणसाला ऐकू येतं तेच २० पासून. एवढं मात्र मान्य, की पाच इंची मॉनिटरवर किक ड्रमचं अगदी खालचं पोट कळत नाही, ते तपासायला हेडफोन कामाचा आहे. मेसेजातली ही आणखी एक खरी गोष्ट.

‘हेडफोनवर एकही चूक लपत नाही’ या वाक्याने मात्र आपल्या इथल्या पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान केलंय.

उदाहरण आपल्या शहरातलंच घेतो. एप्रिलच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी इथल्या लहान स्टुडिओंत भीमगीतांची रांग लागते. गाणं वाजणार कुठे? दीक्षाभूमीबाहेरच्या स्टॉलवर एका भोंग्यातून, जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर, ऑटोत, फोनच्या स्पीकरवर. यातल्या बऱ्याच ठिकाणी डावं-उजवं काही उरत नाही, सगळं एकत्र होऊन मोनो वाजतं. आता समजा पोराने हेडफोनवर मिक्स केलं. हार्मोनियम पूर्ण डावीकडे, सिंथ (सिंथेसायझर) पूर्ण उजवीकडे, गायक मध्ये. मजा येते! गायकाचा आवाज थोडा खाली ठेवला तरी शब्द न् शब्द कळतो, कारण पेटी एका कानात, सिंथ दुसऱ्या कानात आणि गायक दोन्हींत, अशी फोड झाली की मेंदू त्याला सहज वेगळा काढतो. तेच गाणं स्टॉलच्या भोंग्यात गेलं की तिघे एकाच जागेवर येतात आणि गायक पेटीखाली दबतो. ‘भीमराव’ ऐकू येतं, पुढची ओळ कोणालाच कळत नाही.

बासचं त्याहून वाईट. सिंथ बासला वायडनर, म्हणजे आवाज रुंद करणारा प्लगइन, लावला की हेडफोनवर तो भरदार, रुंद वाटतो. वायडनरने बऱ्याचदा केलेलं असतं एवढंच, की एका बाजूची लहर दुसऱ्या बाजूच्या तुलनेत सरकवलेली किंवा उलटी फिरवलेली असते. हेडफोनमध्ये दोन बाजू हवेत एकमेकींना भेटतच नाहीत, त्यामुळे कोणी कोणाला खात नाही. प्रत्येक कानाला आपापला पूर्ण बास मिळतो. दोन स्पीकरांसमोर बसलं की त्या खोलीच्या हवेतच एकमेकींवर उलटतात, बास पातळ होतो, आणि मान आपोआप वर उठते: हे काय झालं? लहर उलटी फिरवलेली असेल तर मोनोमध्ये तो पार पुसला जातो. ढोलकी चालू, टाळ्या चालू, खाली जमीनच नाही. ही चूक हेडफोनवर लपली. चांगले महागडे हेडफोन असतील तर जास्तच छान लपली, कारण त्यावर रुंदी आणखी मोहक वाटते.

श्वास, टिक्, घरघर या चुका हेडफोन पकडतो. कोणतं वाद्य किती मोठं, कोण कोणाला झाकतंय, ठेका छातीवर येतोय की नाही, या चुका स्पीकर पकडतो. गाणं बिघडतं ते जास्त करून दुसऱ्या प्रकाराने. श्वास ऐकू आला म्हणून आजवर कोणी गाणं बदललं नसेल.

मग तो परदेशी इंजिनिअरांचा दाखला. खरा आहे. अँड्र्यू शेप्स हा मोठा अमेरिकन मिक्स इंजिनिअर हेडफोनवर मिक्स करतो, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलंय. फक्त मेसेजवाल्याने एक गोष्ट गिळली. शेप्स जो हेडफोन वापरतो तो सोनीचा एमडीआर-७५०६, १९९१ पासून बाजारात असलेला, जगभरच्या रेडिओ आणि टीव्हीवाल्यांच्या गळ्यात लोंबणारा, महाग हेडफोनांच्या यादीत कुठेच न बसणारा. म्हणजे त्याचं उदाहरण ‘तीस हजार घाला’ या सल्ल्याच्याच मुळावर येतं. आणि त्याचे कान आधी कितीतरी वर्षं मोठ्या स्टुडिओंतल्या स्पीकरांवर घडलेत. त्या हेडफोनवर अमुक असं वाजलं की स्पीकरवर तमुक असं वाजणार, ही पाटी त्याच्या डोक्यात कोरलेली आहे. आपल्या मानेवाड्यातल्या पोराच्या डोक्यात ती कुठून येणार, राजेहो?

हाच धडा स्पीकरच्या बाजूनेही मिळतो. पांढऱ्या कोनचा यामाहा एनएस-१० जगभरच्या स्टुडिओंत दिसायचा. १९७८ साली तो घरगुती स्पीकर म्हणून आला, २००१ मध्ये बंद झाला, आणि त्याचा आवाज गोड आहे असं त्यावर काम करणारेही म्हणत नसत. बास कमी, मधली पट्टी पुढे आलेली. पण स्पीकरची पेटी सगळीकडून बंद, आवाज चटकन सुरू होऊन चटकन थांबायचा, त्यामुळे मधल्या पट्टीतली गर्दी निर्दयपणे समोर यायची. गोड वाजणं आणि कामाचं असणं यात इतकं अंतर असू शकतं, आणि मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त गोडीचीच किंमत लावत बसलाय.

‘सगळे इअरफोनवरच ऐकतात’ याला उत्तर वर स्टॉलवर मिळालंच. जे इअरफोनवर ऐकतात तेही तीस हजारांच्या हेडफोनवर ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी तपासायचं तर त्यांच्यासारखेच पाचशे-हजाराचे इअरफोन घ्या.

राहिलं ते ‘दुकानात जाऊन ऐका’. बर्डीवरच्या दुकानात एसी चालू, दार उघडं, बाहेर हॉर्न, मॉनिटर फळीवर भिंतीला चिकटून ठेवलेले आणि त्यातला एक दुसऱ्याच कंपनीचा. तिथे हेडफोन जिंकणारच! दोन्हींचा आवाज सारखा लावलेला नसतो हे वेगळंच. एक-दोन डेसिबल जास्त मोठं वाजणारं कानाला ‘जास्त चांगलं’ वाटतं, आपल्याला मोठेपणा कळतही नाही. हेडफोनवर तर आवाज किती वाढला याचा अंदाज आणखी लागत नाही, कारण छाती काही हलत नसते. कामाच्या जागी होणाऱ्या इजांवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने कानांसाठी सांगितलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. रात्रभर हेडफोनवर मिक्स करणाऱ्यांनी एकदा हे बघून ठेवावं.

ऐकायचंच असेल तर स्वतःचं, पाठ असलेलं गाणं न्या. फोनवरच्या साउंड मीटरने मॉनिटरचा आवाज बेताचा लावा, हेडफोन घालून-काढून अंदाजाने त्याच्या जवळपास आणा. मग तेच गाणं मोनो करून पुन्हा ऐका, गायकाची ओळ कुठे बुडते ते बघा. दुकानात एवढं सगळं कोणी करू देत नाही. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, दोन दिवस घरी लावून बघायला देता का? हेडफोन घामामुळे बहुतेक कोणी देत नाही. मॉनिटर ओळखीवर मिळतात, खोकं न फाडता परत करायच्या अटीवर.